मुलूख सोडण्याआधीचे रविवार

डिसेंबरातल्या रविवारी पहाटे कुंभारगावच्या काठावर गेले, की धुक्यात दोन-चार मोटारी हमखास उभ्या दिसतात. माणसे स्वेटर-कानटोप्यांत, हातात चहाचे कागदी पेले, कुणाच्या गळ्यात दुर्बीण. नावाडी बांबूचा रेटा देऊन होडी काठापासून सोडवतो. गुडघाभर पाण्यातून ती सरकू लागते आणि उजाडता उजाडता उजनी धरणाच्या उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची रांग दिसते. आधी नुसती पांढुरकी रेघ. ऊन वर आले की तिच्यात गुलाबी रंग उतरतो. या मोटारींपैकी एखादीत तरी असा कुणी असतो, ज्याचे विमान जानेवारीत आहे. तो पक्ष्यांचे फोटो काढतोच, पण त्याहून जास्त फोटो काढतो ते काठावरच्या बाभळींचे, पलीकडच्या उसाचे आणि परत आल्यावर चुलीवर भाजल्या जाणाऱ्या भाकरीचे.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून परदेशी जाणाऱ्यांचे वर्षात दोन मोठे हंगाम असतात. अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठे ऑगस्टअखेरीस सुरू होतात, म्हणून एक लाट आषाढ-श्रावणात निघते. दुसरी जानेवारीच्या प्रवेशाची, मार्गशीर्ष-पौषात. जर्मनीला जाणारे सप्टेंबरात सामान बांधतात. व्हिसाची मुलाखत आटोपली, तिकीट हाती आले, की मधे उरतात ते पाच-सहा रविवार. एक मोरगावच्या मयूरेश्वराचा, एक नीरा नरसिंहपूरच्या संगमाचा, एक सुप्याच्या माळावर चिंकारा बघण्याचा, एक शिर्सुफळच्या तलावाचा, एक भिगवणच्या माशांचा. घरातली मोठी माणसे कुलदैवताला जाऊन ये म्हणतात, मित्र बॅकवॉटरला चल म्हणतात, आणि रविवार अपुरे पडतात.

ही यादी आजची वाटते. तिच्या खालची जमीन मात्र जुनी आहे. ज्या ठिकाणी आजची मुले निरोपाचे रविवार घालवतात, त्यांतली काही ठिकाणे कुणाच्या तरी जाण्यामुळे किंवा जाणे थांबवण्याच्या धडपडीतून तयार झाली आहेत. कुठे दुष्काळात लोक गाव सोडून जाऊ नयेत म्हणून खणलेला तलाव आहे, तर कुठे गावच उठल्यावर त्याच्यावर पसरलेले पाणी. या दोन तालुक्यांचा इतिहास निघून जाणाऱ्या माणसांच्या बाजूनेही वाचता येतो, आणि तसा तो फारसा वाचला गेलेला नाही.

हा प्रदेश पर्जन्यछायेतला. सह्याद्री ओलांडून ढग इथवर येतात तेव्हा त्यांत फारसे काही उरलेले नसते. वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा. उत्तरेला भीमा, दक्षिणेला नीरा, मधून कऱ्हा. नद्या तीन असूनही शेत आभाळाकडे बघत बसायचे. म्हणून इथल्या जुन्या भाषेत गाव सोडण्यासाठी शब्दांची वाण नाही. माणूस 'जगायला' जातो, 'देशोधडीला' लागतो, 'मुलूख सोडतो'. मराठी राज्याच्या दप्तरांत गाव ओस पडले की रयत 'परागंदा' झाली असे लिहीत. गेलेल्यांना परत आणायचीही रीत होती: सरकारातून 'कौल' दिला जाई, म्हणजे अभयाचा कागद. 'इस्तावा' बांधून दिला जाई, म्हणजे पहिल्या वर्षी नाममात्र सारा आणि पुढे दरवर्षी थोडा थोडा वाढवत पूर्ण आकारापर्यंत. रयत निघून जाणे हे राज्यावरचे संकट मानले जाई, आणि तिला परत बोलावणे हे पाटील-देशमुखांचे काम.

पुणे, सुपे आणि इंदापूर हे परगणे भोसल्यांच्या जहागिरीतले. मालोजीराजांचा शेवट इंदापुरात झाला आणि त्यांच्या नावाची गढी तिथे आजही दाखवतात. या काठांवरची माणसे पुढे घोड्यांवर बसून बाहेर पडू लागली. भीमेच्या खोऱ्यातली तट्टे अंगाने लहान, पण चिवट. थोड्या चाऱ्यावर लांबचा पल्ला गाठणारी. भीमथडी हे नाव त्यांना मिळाले, आणि बारामतीच्या परिसराचा तालुकाही बराच काळ याच नावाने ओळखला जाई. दसऱ्याला शिलंगण करून, गावाची शीव ओलांडून स्वार मोहिमेवर जात ते वैशाख-ज्येष्ठात परतत. सोने म्हणून आपट्याची पाने लुटायची, वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचे, आणि निघायचे. त्या काळातल्या निरोपाचा हा ठरलेला दिवस होता.

बारामतीला सरदार बाबूजी नाईकांच्या आश्रयाने मोरोपंत राहिले ते पेशवाईच्या काळात. १७२९ मध्ये पन्हाळ्यावर जन्मलेला हा कवी बारामतीचा झाला आणि १७९४ मध्ये कऱ्हेच्या काठीच गेला. मुलूख सोडून जाणाऱ्यांच्या या कथेत बाहेरून येऊन राहिलेला तो एक मोठा माणूस.

पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारने जमिनीची मोजणी हाती घेतली. रॉबर्ट प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२८ ते १८३० या वर्षांत पुणे जिल्ह्यात सारा ठरवला. खर्च वजा जाता शेतात किती उरते याचे किचकट गणित त्याने मांडले होते, पण खालची आकडेवारी कच्ची होती आणि आकारणी जड. पाऊस कमी पडला, धान्याचे भाव घसरले, आणि इंदापूर तालुक्यातले कुणबी शेते टाकून निघाले. बरेच निजामाच्या हद्दीत गेले. नांगरट पडीक झाली, वसुली थांबली. तेव्हा १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोन अधिकारी इंदापुरात नव्याने मोजणी करायला आले. त्यांनी जमिनीचा पोत बघून दर खाली आणले आणि ते ३० वर्षांसाठी कायम केले. मुंबई इलाख्यात पुढे सर्वत्र जी सर्व्हे पद्धत चालली, आजच्या सात-बाराच्या मुळाशी जिची मोजणी आहे, तिची सुरुवात इंदापुरातली आहे. ती घडली याचे कारण इथल्या माणसांनी पाय उचलले होते.

मात्र सगळेच जाणे हलाखीचे नव्हते. बारामती, फलटण, पुरंदर या पट्ट्यातले धनगर दिवाळी झाली की मेंढरे घेऊन कोकणाकडे निघतात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. घोडी, कुत्री, कोंबड्या, लेकुरवाळ्या बायका असा सगळा 'वाडा' चालतो. वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढरे बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे, हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्यांचा. निघण्याआधी मेंढरांची लोकर कातरणे, बिरोबाला किंवा खंडोबाला जाऊन येणे, मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांची व्यवस्था लावणे, हे शेवटचे दिवस त्यांच्या वर्षात नेमलेले असतात. हायडेलबर्ग विद्यापीठातले गुंथर सोन्थायमर हे जर्मन अभ्यासक आयुष्याची कितीतरी वर्षे या धनगरांबरोबर आणि खंडोबाच्या जत्रांतून हिंडले, त्यांच्या ओव्या आणि कथा त्यांनी टिपून ठेवल्या. आज त्याच जर्मनीच्या विद्यापीठांत शिकायला बारामतीची मुले जातात.

सुप्याचा माळ या धनगरांच्या चरणीचा. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, याच सुप्यात सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे पेटले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदल्या गेलेल्या उठावाची ती पहिली ठिणगी. आजूबाजूच्या गावांतून बाजाराला आलेल्या कुणब्यांना माणसांचा जीव घ्यायचा नव्हता. त्यांना कागद जाळायचे होते, कारण त्या कागदांनी त्यांच्या पायाखालची जमीन जात होती. दंगे शमतात न शमतात तोच १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ आला. गुरे मेली, गावे रिकामी झाली, आणि सरकारने उपाशी माणसांना पोटाला अन्न मिळावे म्हणून कामे काढली. नीरेचा डावा कालवा हे त्यांतले एक मोठे काम. १८८० च्या दशकात त्यातून पाणी वाहू लागले. भाटघरच्या धरणाने त्याला बारमाही केले. पुरंदर, बारामती, इंदापूर असा हा कालवा उतरत गेला, आणि त्याच्या दोन बाजू दोन निराळे देश झाले. खालच्या अंगाला ऊस. वरच्या अंगाला तोच जुना माळ.

वरचा माळ तसाच राहिला, म्हणून तिथे चिंकारा टिकला. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झाले. क्षेत्र जेमतेम ५ चौरस किलोमीटर, राज्यातल्या सर्वांत लहान अभयारण्यांपैकी एक. कुसळी गवत, मधून मधून बाभूळ आणि खैर, बाकी नुसते आभाळ. पहाटे गेले की चिंकारा कान टवकारून उभा दिसतो, शेपटी झुलवतो आणि चार उड्यांत दिसेनासा होतो. खोकड, लांडगा, तरस हेही याच माळाचे रहिवासी. चंडोल आणि धाविक पायांजवळून उठतात. अलीकडच्या वर्षांत वनखात्याने इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला आणि बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. लहानपणी ज्याला सगळे 'पडीक रान' म्हणत, तिथे तिकीट काढून जाताना जाणाऱ्या मुलाला आपल्याच तालुक्याची नवी ओळख होते. ती ओळख निघायच्या महिनाभर आधी व्हावी, याची हुरहूर त्याच्या बोलण्यात असते.

रविवारची सुट्टी हीसुद्धा मिळवलेली गोष्ट आहे. खेड्यात आठवड्याचा खंड पडे तो बाजाराच्या दिवशी. सुट्टी नावाची गोष्ट नव्हती. मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हे लोखंड्यांच्या बाजूचे एक कारण होते. गिरण्यांत राबणारी माणसे घाटावरची, जेजुरीला नवस बोलणारी. त्यांच्या देवाच्या दिवशी त्यांना मोकळीक हवी होती. त्यामुळे बारामतीचे एखादे कुटुंब निघणाऱ्या लेकीला घेऊन रविवारी जेजुरीचा गड चढते, भंडारा उधळते, तेव्हा ते सुट्टीच्या मूळ अर्थाजवळच असते.

समुद्र ओलांडण्याची गोष्ट वेगळी होती. एकोणिसाव्या शतकात वरच्या जातींत समुद्रगमन म्हणजे धर्म बुडाला अशी समजूत होती. परतल्यावर प्रायश्चित्ताचा आग्रह धरला जाई. कल्याणच्या आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी वैद्यकीय शिक्षणासाठी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. त्याआधी २४ फेब्रुवारीला सेरामपूरच्या कॉलेजात त्यांनी जाहीर भाषण केले आणि आपण का जातो आहोत, एकट्या का जातो आहोत, परत आल्यावर काय, या सगळ्या प्रश्नांची एकेक करून उत्तरे दिली. अठरा वर्षांच्या त्या मुलीचे देशातले शेवटचे आठवडे लोकांची समजूत घालण्यात गेले. आज एखादी शेतकऱ्याची मुलगी म्युनिकला किंवा मेलबर्नला निघते तेव्हा तिचे शेवटचे रविवार तिचे स्वतःचे असतात, आणि यामागे आनंदीबाईंसारख्यांनी सोसलेले पुष्कळ आहे.

जुन्या घरांत प्रवासाआधी 'प्रस्थान' ठेवत. मुहूर्त एका दिवशी आणि निघणे दुसऱ्या दिवशी असे झाले, की तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि नाणे फडक्यात बांधून ती पुरचुंडी जाण्याच्या दिशेला असलेल्या शेजाऱ्याच्या घरी किंवा देवळात ठेवायची, आणि निघताना उचलायची. माणूस घरात असतो, पण त्याचा प्रवास सुरू झालेला असतो. तिकिटाची तारीख आता विमान कंपनी ठरवते, तरी तळहातावर दही घालण्याची रीत कायम आहे. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा भरून झाल्यावर आई शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी तिसऱ्यांदा काट्यावर ठेवून बघते.

पुण्याहून निघालेली आगगाडी १८५८ च्या अखेरीस डिकसळला पोचली आणि १८६० मध्ये सोलापुरात. इंदापूर तालुक्याच्या माणसाला मुंबई गाठायची तर डिकसळ हे दार होते. भीमेवर दगडी पूल बांधून लोहमार्ग पलीकडे करमाळ्याच्या बाजूला गेला. बारामतीला दौंडहून अरुंद मापाची गाडी आली ती १९१४ मध्ये. मुंबईच्या गिरण्या, गोदी, पलटणी, सगळीकडे जाण्याची वाट या रुळांवरून. स्थानकावर पोचवायला अर्धा गाव यायचा. बैलगाडीने रात्रीच निघायचे, भाकऱ्या बांधून घ्यायच्या, आणि गाडी हलली की फलाटावरच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावायचा.

नीरेच्या कालव्याचे पाणी आल्यावर उलटी वाटही सुरू झाली. कालव्याच्या भिजीवर ऊस उभा राहिला, इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंद हिराचंदांनी साखर कारखाना काढला आणि १९३० च्या दशकात वालचंदनगर वसले. पुढे सहकारी कारखाने निघाले. ज्या मुलखातून माणसे जगायला बाहेर जात, तिथेच दसरा-दिवाळीला बीड आणि नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या जगायला येऊ लागल्या. मात्र कोरडवाहू गावे कोरडीच होती. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर खडी फोडणारी आणि सुकडी खाणारी पिढी इथल्या घराघरांत अजून आहे. त्याच काळाच्या आगेमागे बारामतीत पाझर तलावांची चळवळ झाली, तिच्यातून १९७१ मध्ये कृषी विकास प्रतिष्ठान उभे राहिले. १९७२ मध्ये विद्या प्रतिष्ठान ही शिक्षणसंस्था आली. ज्या आजोबांनी तलावाच्या भिंतीवर पाटीभर माती टाकली, त्यांची नात त्याच तालुक्यात इंजिनिअर होते आणि परदेशी जाते, हे अंतर जेमतेम पन्नास वर्षांचे आहे.

आणि मग उजनी. भीमेवरच्या या धरणाचे काम १९६९ च्या सुमारास सुरू झाले आणि १९८० मध्ये ते पुरे झाले. जलाशयाला यशवंतसागर नाव दिले. साठा सुमारे ११७ टीएमसी, आणि त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा, म्हणजे दाराखाली अडलेले पाणी. सोलापूर जिल्ह्याची शेते भिजावीत म्हणून इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत या तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांनी जागा सोडली. नदीकाठची जमीन म्हणजे काळी, कसदार मळई. तीच आधी गेली. उठताना लोकांनी घरांची लाकडे, दरवाजांच्या चौकटी, तुळया काढून नेल्या, कारण वरच्या माळावर लाकूड मिळणार नव्हते. लोहमार्गही हलवावा लागला. डिकसळचा तो जुना पूल मात्र राहिला, आणि रूळ गेल्यावर इंदापूर आणि करमाळ्याच्या गावांनी तो रस्ता म्हणून वापरला.

पळसदेवची गोष्ट या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. भीमेच्या काठावरचे पळसनाथाचे देऊळ प्राचीन. खाली कोरीव दगडी खांब, वर विटांचे शिखर, आवारात वीरगळ. गाव उठले तेव्हा गावकऱ्यांनी देव बरोबर नेला आणि महामार्गाजवळच्या नव्या गावठाणात नवे देऊळ बांधले. जुने देऊळ पाण्यात राहिले. पाणी ओसरले की आधी शिखर दिसते. फारच ओसरले तर पायऱ्यांपर्यंत उघडे पडते. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली, म्हणजे मृतसाठ्यातही बराच खोल, गेला, तेव्हा भेगाळलेल्या गाळातून चालत हजारो माणसे देवळापर्यंत गेली. नव्या पिढीतली मुले मोबाइलवर चित्रण करत होती. म्हातारी माणसे मात्र देवळाकडे पाठ करून आपले घर कुठे होते, पेठ कुठे होती, चावडी कुठे होती ते हाताने दाखवत होती. जोत्यांचे दगड अजून जागेवर होते.

या गावांच्या निरोपाला कुणी सहल म्हटले नसते. पण शेवटचे जे केले जाते ते तेव्हाही केले गेले: शेवटची सुगी, ग्रामदैवताची शेवटची यात्रा, नदीत शेवटचे पोहणे, लेकीबाळींना माहेर बघायला बोलावणे. परत येता येणार नाही हे त्यांना माहीत होते, कारण परत यायला जागाच उरणार नव्हती.

बुडालेल्या रानांवर उथळ पाण्याचे विस्तीर्ण काठ तयार झाले, आणि तिथे पक्षी उतरले. हिवाळ्यात पाणी मागे हटते, चिखलात शेवाळ, किडे, शंखशिंपले मोकळे होतात. कच्छकडून रोहित येतात, मंगोलिया आणि तिबेटकडून हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात. चक्रवाक, मोर शराटी, दर्विमुख, कुरव, सुरय. पाण्यावर काळ्या रंगाचे, कपाळावर पांढरा टिळा असलेले थवे तरंगतात, त्यांना मराठीत वारकरी म्हणतात. ज्या वर्षी धरण काठोकाठ भरून राहते, त्या वर्षी उथळ जागा उघड्या पडायला उशीर होतो आणि रोहितही उशिरा येतात. निघणाऱ्याच्या शेवटच्या रविवारी ते दिसतील की नाही, हे पाटबंधारे खात्याच्या पाण्याच्या पातळीवर ठरते.

धरणाने शेतकऱ्यांची जमीन घेतली, तशी भोई समाजाला मासेमारी दिली. कटला, रोहू, मरळ, वाम आणि बघता बघता सगळ्यांवर मात केलेली चिलापी. भिगवणचा मासळी बाजार लांबलांबच्या गिऱ्हाइकांना ठाऊक झाला. जाळे टाकणारेच पुढे पक्षी दाखवू लागले. कुंभारगाव, डिकसळच्या नावाड्यांनी आधी पक्ष्यांची इंग्रजी नावे पाठ केली, मग त्यांच्या सवयी आपल्या आपण जोखल्या: कोणत्या दिशेने गेले तर थवा उडत नाही, कॅमेऱ्यावर ऊन कुठून हवे, मोरघार मासा घेऊन कोणत्या खुंटावर बसते. घरी आलेल्यांना मच्छी आणि भाकरी वाढणे हा घरच्या बायकांचा व्यवसाय झाला.

या पाण्याला दुसरी बाजूही आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून इथेच येऊन थांबते. कित्येकदा काठावर हिरवी साय दाटते आणि वास येतो. आणि हे पाणी दिसते तितके शांत नसते. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि ६ जणांचा जीव गेला. रस्त्याने लांबचा वळसा पडतो म्हणून रोज वापरली जाणारी ती वाट होती. निरोपाच्या सहलीला आलेल्या कुठल्याही घोळक्याने होडीत पाय ठेवण्याआधी जीवरक्षक जाकीट मागून घ्यावे, वारा सुटला असेल तर काठावरूनच पक्षी बघावेत.

आषाढात निघणाऱ्यांच्या वाट्याला पक्षी येत नाहीत. त्यांच्या वाट्याला पालखी येते. देहूहून प्रस्थान ठेवलेली तुकोबारायांची पालखी बारामतीला मुक्काम करते, मग काटेवाडीत परीट समाज तिच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या अंथरतो आणि मेंढ्यांचे रिंगण होते. ढोलताशात दचकणारी मेंढरे मेंढक्याच्या मागोमाग पालखीभोवती पळतात आणि बघणाऱ्यांचा श्वास अडतो. पुढे बेलवाडीला अश्वाचे रिंगण, निमगाव केतकी, इंदापूरचे रिंगण, आणि सराटीचा मुक्काम. सराटीला नीरेत पादुकांना स्नान घालून पालखी पूल ओलांडते आणि पुणे जिल्हा मागे पडतो. जुलैत बोर्डिंग पास हाती घेणारी मुले त्या आठवड्यात दिवसभर पायी चालतात. कुणी बारामती ते सणसर, कुणी थेट सराटीपर्यंत. पायांना फोड आलेले असतात आणि पाठीवरच्या सॅकमध्ये व्हिसाच्या कागदांची झेरॉक्स असते. शेजारून चालणारी परभणीची किंवा नांदेडची म्हातारी विचारते, कुठं चाललास लेका. देशाचे नाव सांगितल्यावर ती मान हलवते आणि गुळाचा खडा हातावर ठेवते.

इंदापुरात तहसील कचेरीच्या आवारात जुन्या चिंचा आहेत. त्यांच्यावर वर्षानुवर्षे चित्रबलाकांची वीण होत आली आहे. भादलवाडीच्या ब्रिटिशकालीन तलावातल्या बाभळींवर होते तशीच, फक्त इथे खाली माणसांची वर्दळ. काटक्यांची घरटी, पिवळी चोच, पंखांच्या शेवटी गुलाबी रंग. उन्हाळाभर ते उजनीवरून मासे आणतात, पिले वाढतात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर एकेक घरटे रिकामे होऊ लागते. त्याच आवारात शैक्षणिक कर्जासाठी, राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवासाचा दाखला काढायला आलेली मुले फायली छातीशी धरून उभी असतात. वरून विष्ठा पडते, काटक्या पडतात, एखादा अर्धवट गिळलेला मासा पडतो. मुले सावलीतून जरा बाजूला सरकतात, वर बघतात, आणि आतून नाव पुकारले की कागद घेऊन जिन्याकडे वळतात.